अंगठ्याची सुट्टी

शिष्यवृत्तीचा चार्ज मला स्टाफ मीटिंगमध्ये तोंड उघडल्यामुळे मिळाला. मी इतिहास शिकवते. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, की दरवर्षी फर्स्ट इयरला वर्ग भरून सांडतो आणि फायनलला पंखे रिकाम्या बाकांना वारा घालतात, याचं काय करायचं? प्राचार्य खूश झाले. “मैडम की नज़र बहुत तेज़ है,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचा आदेश निघाला. बालाघाटमध्ये इतकी वर्षं नोकरी करून मला हे कळायला हवं होतं की मीटिंगमध्ये चहा प्यायचा असतो.

चार्ज घेतल्यावर पंख्यांचं उत्तर मात्र लवकर मिळालं. मला वाटायचं, मुलं फी भरता येत नाही म्हणून कॉलेज सोडतात. तसं नाही. सरकारी कॉलेजची फी ती काय! मुलं सोडतात खोलीचं भाडं थकलं म्हणून, नाहीतर बसचं तिकीट परवडत नाही म्हणून. शिष्यवृत्ती त्याचसाठी असते आणि ती येतेही. पण पंगत उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखी. तोवर पोरगं कुठल्यातरी दुकानात चिकटलेलं असतं, आणि मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळ येऊन गेलेलं असतं.

हे मी कुणाच्या कळवळ्यानं सांगत नाही. माझा स्वभाव तसा नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर माझ्या लॉगिनमध्ये ज्या मुलांचं काम अर्धवट असतं, त्यांची ओळ लाल दिसते. मला लाल ओळ बघवत नाही, एवढंच.

त्या पावसाळ्यात एकच लाल ओळ उरली होती. ती मुलगी कटंगीच्या पुढच्या एका गावातली, बी.एस्सी. फायनलची. चेहऱ्यावरून पडताळणी करायची सोय तेव्हा आमच्याकडे यायची होती. कॉम्प्युटर लॅबमध्ये बोटाचा ठसा घेणारं काचेचं छोटं यंत्र होतं. विद्यार्थ्यानं त्यावर ठसा द्यायचा, मग मी माझा द्यायचा, आणि फॉर्म पुढे जायचा. सगळ्या मुलांचे ठसे लागले, हिचा लागेना. यंत्राजवळ आमचा ऑपरेटर बसायचा. भरवेलीहून मोटारसायकलवर येणारा, कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा. विचारल्याशिवाय एक शब्द जास्त बोलायचा नाही, आणि मला त्याचं कौतुक होतं.

“लाल आ रहा है, मैडम.”

“पुन्हा लाव.”

तिनं अंगठा डोक्यावर, तेल लावलेल्या केसांवर घासला आणि पुन्हा दाबला. ही आमच्याकडची रीत. रेशनच्या दुकानात हेच यंत्र असतं, आणि यंत्रापुढे आलेला प्रत्येक माणूस आधी केसांवर अंगठा फिरवतो. टकल्या माणसाला मागचा आपलं डोकं देतो. पण त्या दिवशी केस कामाला आले नाहीत. लिंबू झालं, टूथपेस्ट झाली, कुणीतरी मेणबत्ती सुचवली. हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, बोट स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा.

मी तिचा अंगठा हातात घेऊन बघितला. बघायला रेषाच नव्हत्या. घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या नाण्यासारखा दिसत होता.

“काय करत होतीस?”

“रोवणी, मॅडम.”

धानाची रोवणी अंगठ्यानंच होते. रोप अंगठ्यात आणि दोन बोटांत धरायचं आणि चिखलात खुपसायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. आधीच्या वर्षाची शिष्यवृत्ती आलेली नव्हती, बसस्टँडजवळच्या खोलीचं भाडं थकलं होतं, म्हणून ही पोरगी मोसम लागल्यापासून लोकांच्या शेतात मजुरीनं जात होती. म्हणजे शिष्यवृत्ती आली नाही म्हणून ती रोवणीला गेली, आणि रोवणीला गेली म्हणून शिष्यवृत्ती तिला ओळखत नव्हती. मी हे प्राचार्यांना समजावून सांगितलं. “बड़ा रोचक है,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्याच फाइलवर सही केली.

“नाही लागला तर?” मी तिला विचारलं.

“तं आई म्हणते, कॉलेज राहू दे. वडील नागपूरले चौकीदारी करते, त्यायचं तेवढ्यात भागत नाही. आई म्हणते, रोवणीच बरी. ते तरी ओळखते तुले.”

फायनलचं वर्ष बाकी होतं. एवढ्यासाठी दोन वर्षांचं रसायनशास्त्र चिखलात घालायचं, हे मला पटलं नाही. प्राणिशास्त्राच्या सहकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कातडीला काम नाही दिलं तर थोड्या दिवसांत रेषा परत येतात. पडताळणीची शेवटची तारीख पुढच्या मंगळवारी होती. गावी गेली तर चिखलात हात घालणार, खोलीवर राहिली तर तिथल्या तिघी मुलींचा स्वयंपाक करणार. मी म्हटलं, चल माझ्या घरी.

“कितीक दिवस, मॅडम?”

“मंगळवारपर्यंत. पाण्याला हात लावायचा नाही, भांड्याला नाही, झाडूला नाही.”

ती घाबरली. “मंग दिवसभर करू काय?”

माझे यजमान जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडलं, पण स्वतःच्या घरातला नळ कसा बंद करायचा हे विसरायचे. त्यात आमची कामवाली बाईही गावाला रोवणीसाठी गेलेली. आमच्याकडे त्या दिवसांत अख्खं शहर स्वतःची भांडी स्वतः घासतं. मी त्यांना परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे पोरीच्या हाताला आराम द्यायचा, आणि भांडी?”

“तुम्ही निवृत्त आहात,” मी म्हटलं.

पोरीला बसून राहायची सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर ती दुधाचं पातेलं खरवडत होती.

“हे काय?”

“डाव्या हातानं करून राह्यली, मॅडम. सुट्टी उजव्या अंगठ्याले हाय न!”

मी यजमानांचे हिवाळ्यातले लोकरीचे हातमोजे काढले आणि तिच्या दोन्ही हातांत चढवले. ऐन पावसाळ्याच्या उकाड्यात ती मोजे घालून पुस्तक वाचायची आणि पान नाकानं उलटायची. वरण-भात चमच्यानं खायची. यजमानांनी विचारलं, “पोट भरलं का गं?”

“हौ जी. पोट भरलं. पण जेवल्यासारखं वाटलं नाही.”

शुक्रवारी दुपारी कटंगीच्या बसनं तिची आई आली. उंच, सडपातळ बाई. हातात पोरीच्या कपड्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर तक्रार. अंगणातूनच तिनं मोजे घातलेली पोरगी बघितली.

“का वं, थंडी वाजून राह्यली का?”

पोरीनं मान खाली घातली. आईनं मोर्चा माझ्याकडे वळवला.

“काय जी मॅडम, माही पोट्टी तुमी ठेवून घेतली म्हणते.”

“तिच्या अंगठ्याला सुट्टी हवी आहे.”

“अंगठ्याले सुट्टी? बरं. मंग बाकीची पोट्टी तरी द्या!”

मी तिला बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिची अडचण तिनं सांगितली. तिची स्वतःची रोवणी आटोपली होती. शेजारच्या घरच्या बायकांनी येऊन ती करून दिली होती. आता रविवारी आणि सोमवारी शेजाऱ्यांच्या शेतात मायलेकींना जायचं होतं. त्यांच्या भागात रोवणीला माणसाला माणूस फेडायचा असतो. ज्या घरची बाई आपल्या चिखलात वाकली, त्या घरच्या चिखलात आपली बाई वाकलीच पाहिजे.

“मी एका बाईची मजुरी देते,” मी म्हटलं.

“पैशानं फिटत नाही जी. मजूर भेटत बी नाही. साऱ्या गावाची रोवणी एकाच टायमाले आली. आन् भेटला तरी लोकं म्हणतीन, हिच्या पोट्टीले दोन बुकं शिकली तं चिखलाची लाज वाटून राह्यली. पुढल्या साली माह्या बांधीत कोण येईन?”

पोरगी मोजे काढायला लागली. “मॅडम, जातो मी आईसंगं. दोनच दिवसाचं काम हाय.”

दोन दिवसांत कमावलेल्या रेषा दोन दिवसांत जाणार होत्या, आणि मंगळवार त्याच्याच पाठोपाठ उभा होता. मी म्हटलं, “मोजे घाल. मी येते.”

आईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी तशी भरलेल्या अंगाची आहे. बघायला वेळ लागला.

“तुमी?”

“हो. माणसाला माणूस म्हणालात ना?”

“वाकता येते का?”

“रोज योगासनं करते.”

“ते आसन सोडता येते जी. हे संध्याकाळपर्यंत सुटत नाही.”

यजमान आतून म्हणाले, “हिला भाजी आणायलासुद्धा रिक्षा लागते.” त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. सोमवारची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ लिहिलं. कुणाच्या घरचं, ते रकान्यात विचारलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पदर खोचून बांधीत उतरले. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, मातीचा बांध, घातलेलं धानाचं शेत. चिखल गुडघ्यापर्यंत, आणि गार नव्हता, चांगला कोमट होता. ओळीत सगळ्या बायका, मध्ये मी. त्यांचे हात शिलाई मशीनसारखे चालत होते. माझं एक रोप खुपसून होईस्तोवर ओळ पुढे निघून जायची आणि मी मागे खाडीतल्या बेटासारखी एकटी उरायची.

माझ्या मागून येणाऱ्या म्हातारीनं मी लावलेली रोपं बघितली आणि ती सरळ करता करता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचं एक रोप कटंगीकडं पाहून राह्यलं, एक तुमसरकडं. हजेरी घ्या जी त्यायची!”

“आन् गैरहजर असन त्याले नापास करा!” दुसरी.

“मॅडम, हे तं पाण्यावर तरंगून राह्यलं. याची शिष्यवृत्ती अडकली वाटते!”

हसून हसून ओळ थांबली. मुलीची आई मात्र हसली नाही. तिनं माझा हात धरला, रोप माझ्या अंगठ्याखाली नीट बसवलं आणि दाबून दाखवलं. “जोर अंगठ्याचा लावा. कमरेचा नाही.” मी जोर अंगठ्याचा लावला. रविवारी लावला, सोमवारी लावला. सोमवारी दुपारनंतर माझ्या ओळीला म्हातारीनं हात लावायचं सोडलं, आणि मला कुठलीही पदवी मिळाली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. संध्याकाळी धुऱ्यावर चढायला दोघींना मला ओढावं लागलं, ही वेगळी गोष्ट.

मंगळवारी लॅबमध्ये पोरगी मोजे घालूनच आली. यजमानही आले होते. त्यांचं म्हणणं, एवढी भांडी घासली तर निकाल बघायचा हक्क आहे. मोजे काढले. तिनं हात पुढे केला. आठवडाभर मोज्यात राहून तिची बोटं आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही रिकाम्या बाईच्या बोटांसारखी मऊ झाली होती. अंगठा दाबला.

“हरा!” ऑपरेटर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला.

पोरीनं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, “ठीक आहे, ठीक आहे. पुढे चल.”

“अब आपका, मैडम.”

मी अंगठा दाबला. लाल.

पुन्हा दाबला. लाल. केसांवर घासला. लाल. यजमानांनी न विचारता आपलं डोकं पुढे केलं, त्यावर घासला. लाल. मग मी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. फुगलेला, सोललेला, नखाशेजारी चिरलेला. दोन दिवस जोर त्याचाच लावला होता.

पोरगी आधी फसकन हसली. मग तिला समजलं की माझा ठसा नाही तर तिचा फॉर्म नाही, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. बाहेर पाऊस, आत पंखा. पोर्टल त्याच दिवशी बंद होणार होतं. प्राचार्य भोपाळला मीटिंगला गेलेले. यजमान म्हणाले, “मी मोजे परत आणू का?”

“गप्प बसा,” मी म्हटलं.

इतक्या डोक्यांचं तेल लागून यंत्राची काच चिकट झाली होती. मला घाण सहन होत नाही. अंगठा दुखत होता म्हणून मी करंगळीनंच काच पुसायला लागले. यंत्र टुंग वाजलं.

“हो गया,” ऑपरेटर म्हणाला.

“क्या हो गया?”

“फॉरवर्ड हो गया, मैडम. हरा आ गया.”

“मैंने तो अंगूठा लगाया ही नहीं!”

“कोई भी उंगली चलती है, मैडम. आधार में दसों चढ़ी रहती हैं.”

मी करंगळी डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

“तो पहले क्यों नहीं बताया?” मी विचारलं.

“आपने अंगूठा बोला था,” तो म्हणाला.

बोललेच होते. दारावर माझ्याच अक्षरात सूचना चिकटवलेली होती, की विद्यार्थ्यांनी अंगठा लावण्यासाठी यावे. रेशन दुकानात अंगठा, बँकेत अंगठा, ग्रामपंचायतीत अंगठा. आमच्या जिल्ह्यात कुणालाच सुचलं नव्हतं की देवानं माणसाला आणखीही बोटं दिली आहेत. पोरगी हळूच पुढे झाली. तिच्या नावाचं पान अजून उघडंच होतं. तिनं करंगळी काचेवर ठेवली. रोवणीत जिला काहीही काम नसतं ती करंगळी.

हिरवा.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. यजमान एव्हाना चहा सांगायला बाहेर गेले होते, हे नशीब.

“मॅडम,” ती म्हणाली, “आईले—”

“सांगायचं नाही.”

“हौ जी. आन् साहेबायले?”

“त्यांना तर मुळीच नाही.”

पैसे आले ते थंडीत, प्रॅक्टिकलच्या सुमाराला. आधीच्या वर्षाचे आणि त्या वर्षाचे एकदम. पण फॉर्म पुढे गेल्याचं लिहून दिल्यावर खोलीमालक थांबला, आई थांबली आणि पोरगी कॉलेजात राहिली. बी.एस्सी. फर्स्ट डिव्हिजननं पास झाली. त्या वर्षीच्या माझ्या यादीत लाल ओळ नव्हती. फायनलच्या वर्गातले पंखे सगळेच भरलेल्या बाकांवर फिरत होते असं मी म्हणणार नाही, पण एका पंख्याला तरी काम लागलं.

निकालानंतर तिची आई चिन्नोर, आमच्याकडचा सुवासिक तांदूळ, घेऊन आली. दारातच म्हणाली, “तुमच्या ओळीतला नाही हाय, खायाले चांगला हाय.” चहा झाला. उठताना म्हणाली, “मॅडम, तुमचे दोन दिवस आमच्याकडं राह्यले. फेडा लागते. काय काम हाय सांगा.”

“काही नको हो.”

“असं नाही चालत जी. माणसाले माणूस.”

तिचा सूर बघून मी वाद घातला नाही. माझ्याकडे काम होतं. तिच्याच बाजूच्या गावातली एक मुलगी सेकंड इयरनंतर यायची बंद झाली होती. घरचे दाद देत नव्हते, फोन उचलत नव्हते. मी चिठ्ठ्या पाठवून थकले होते. “त्या घरी जाऊन बोलता का?” मी विचारलं.

तिनं पत्ता ऐकला. “हे तं अर्ध्या दिवसाचं काम हाय,” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी लॅबच्या दारात आले, तर ही बाई रांगेत उभी. पुढे ती मुलगी, घट्ट धरलेली, आणि मागे तिचा खजील बाप. आत कुठल्याशा दुसऱ्याच पोरीचा ठसा लागत नव्हता. तीही रोवणीवरून आलेली. रडायला लागली होती. ऑपरेटर काही बोलत नव्हता, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रांगेतून खणखणीत आवाज आला, “रडतं काहून वं? अंगठा नाही लागत तं करंगळी लाव!”

यंत्र टुंग वाजलं.

मी दारातच उभी राहिले. बाईनं माझ्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

“पोट्टीनं त्याच दिवशी सांगतलं होतं जी,” ती म्हणाली. “पण एवढं झालं, आता रोवणीले तुमी याच. दीड दिवस अजून फेडाचा हाय, तो फेडतो. आन् म्हातारी तुमची वाट पाहून राह्यली.”